दात सुंदर करण्यापूर्वी : खर्चाचा हिशेब आणि दंतवैद्याची निवड



संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या तपशिलाबरोबर एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय निवडताना आमच्या दंतविभागात वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाकडे आमचे लक्ष गेले. "बाहेर एवढा खर्च सांगितला आहे. करावा का?" हा तो प्रश्न. विचारणारे कधी मुलीचे लग्न ठरलेले आईवडील असतात, कधी मुलाखतीला निघालेला तरुण, तर कधी निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर दातांकडे लक्ष द्यायला सवड मिळालेले गृहस्थ. शिवाजी पार्कच्या चहूबाजूंना, रानडे रोड आणि गोखले रोडच्या दुतर्फा दंतवैद्यांच्या पाट्यांना तोटा नाही. त्या पाट्यांवर 'स्माइल डिझायनिंग' हे शब्द आता सर्रास दिसतात. पर्याय पुष्कळ आहेत, ते तोलण्याचे साधन मात्र सामान्य कुटुंबाच्या हाती नसते. ते थोडेफार द्यावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. दाताच्या सौंदर्योपचाराची किंमत तीन गोष्टींवर ठरते. दाताचा किती भाग कायमचा जाणार, ते काम पुढील आयुष्यात किती वेळा पुन्हा करावे लागणार आणि ते किती दातांवर होणार. बिलावरचा आकडा या तिन्हींनंतर पाहावा. आणि जो दंतवैद्य या तीन प्रश्नांची उत्तरे न विचारता, आपण होऊन देतो, तो निवडावा.

रंग बदलण्याआधी कारण शोधावे

दात पिवळसर दिसणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. दाताचे बाहेरचे कठीण कवच म्हणजे एनॅमल. ते अर्धपारदर्शक असते आणि त्याच्या आतील डेंटिन स्वभावतःच पिवळसर असते. वय वाढते तसे एनॅमल झिजते आणि आतला रंग अधिक दिसू लागतो. जाहिरातींतील कागदासारखा पांढरा दात हा बहुधा बनवलेला दात असतो, हे ध्यानात ठेवले तर निम्मी खंत तेथेच दूर व्हावी.

डाग असतील तर ते कशाचे, हे आधी ठरवावे लागते. चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर असतात. क्लोरहेक्सिडीन असलेल्या गुळण्यांचे औषध दीर्घकाळ वापरल्यानेही असे तपकिरी डाग पडतात. हे डाग साध्या स्केलिंगने व पॉलिशने निघतात. "स्केलिंग केले की दात सैल होतात" हा घरोघरी ऐकू येणारा समज खरा नाही. साठलेले कीटण निघाल्यावर हिरड्यांच्या आजाराने आधीच झालेली झीज उघडी पडते, इतकेच.

काही डाग मात्र दाताच्या घडणीतच असतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. याहून अधिक फ्लोराइड लहानपणी पोटात गेले की येणाऱ्या पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे अथवा तपकिरी पट्टे उमटतात. अशा गावांतून मुंबईत आलेल्या कुटुंबांना हे डाग अस्वच्छतेचे वाटतात. ते तसे नाहीत आणि ब्रश कितीही जोराने घासला तरी जाणार नाहीत. वयाच्या आठ वर्षांपर्यंत टेट्रासायक्लिन गटातील औषधे दिली गेल्यास दात करडे-तपकिरी होतात, तो रंगही आतलाच. एकच दात काळवंडला असेल तर बहुधा मार लागून त्याची नस मेलेली असते. तेथे एक्स-रे आणि गरज पडल्यास रूट कॅनाल हा पहिला उपचार होय. त्यानंतर त्या एका दाताला आतून ब्लीचिंग करता येते. कॅपची गरज प्रत्येक वेळी लागतेच असे नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. तंबाखू वा मिश्रीचे डाग घालवण्यासाठी जो रुग्ण येतो, त्याचे दात पाहण्याआधी तोंड पाहिले गेले पाहिजे. गालाच्या आतील बाजूस, जिभेच्या कडेला, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून अधिक न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे यांपैकी काहीही असेल तर दात पांढरे करण्याचा विचार बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. आपल्या जवळच परळ येथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय कर्करोगावर उपचार करीत आहे. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. जो दंतवैद्य डाग काढतो आणि तोंड पाहत नाही, त्याचे काम अर्धे राहिले असे आम्ही समजतो.

पायरीपायरीने उपचार

सौंदर्योपचारांची रचना पायऱ्यांसारखी समजून घ्यावी. खालच्या पायरीवर दाताचे काहीच जात नाही, वरच्या पायरीवर पुष्कळ जाते. खालच्या पायरीवरून वर चढता येते. वरून खाली उतरता येत नाही, कारण एनॅमल एकदा कापले की पुन्हा तयार होत नाही.

पहिली पायरी स्वच्छता. स्केलिंग व पॉलिश झाल्यावर आठवडाभर आरशात पाहावे. कित्येकांचे समाधान येथेच होते.

दुसरी पायरी ब्लीचिंग. दातांच्या मापाचा साचा करून रात्री त्यात सौम्य औषध घालून वापरण्याची पद्धत १९८९ साली अमेरिकेत हेवूड व हेमन यांनी प्रसिद्ध केली आणि ती आजही प्रचलित आहे. दवाखान्यात बसून तास-दीड तासात करण्याचा प्रकार याहून महाग असतो. दोन्हींत काही दिवस दात शिवशिवतात आणि परिणाम कायम टिकत नाही. आधीच्या कॅप, फिलिंग वा कृत्रिम दात यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. त्यामुळे पुढच्या दातांत जुने फिलिंग असेल तर ते नंतर बदलावे लागेल, हा खर्च आधीच धरावा. हिरड्या सुजलेल्या किंवा दात किडलेले असताना ब्लीचिंग करू नये.

तिसरी पायरी कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे फिलिंग. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर राळ चिकटवता येते असे दाखवले. तेव्हापासून दात फारसा न कापता त्यावर भर घालणे शक्य झाले. तुटलेला कोपरा, दातांमधील फट, लहान डाग यांसाठी हा उपाय उत्तम. तो कालांतराने पिवळा पडतो, कड तुटते, पण दुरुस्त करता येतो.

चौथी पायरी दात सरळ करण्याची, म्हणजे तारा किंवा पारदर्शक अलायनर. यास साधारण दीड ते दोन वर्षे लागतात आणि पुढे दीर्घकाळ रिटेनर वापरावा लागतो. दात मात्र आपलेच राहतात.

पाचवी पायरी व्हेनिअर, म्हणजे सिरॅमिकची पातळ चकती. त्यासाठी दाताची पुढची बाजू साधारण अर्धा मिलिमीटर घासावी लागते. सहावी पायरी पूर्ण कॅप. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, कॅप बसवण्यासाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाच्या वजनापैकी ६३ ते ७२ टक्के भाग काढला जातो, तर व्हेनिअरसाठी रचनेनुसार ३ ते ३० टक्के, असे आढळले. किडीने पोखरलेल्या किंवा रूट कॅनाल केलेल्या दातास कॅप हा आधार ठरतो. निरोगी दात केवळ पांढरा वा सरळ दिसावा म्हणून इतका कापणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तसा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घ्यावे असे आम्ही निःसंकोच सांगतो.

नसलेल्या दाताचा प्रश्न थोडा निराळा. ब्रिज बसवताना शेजारचे दोन दात कापावे लागतात, इम्प्लांटमध्ये ते वाचतात पण खर्च व काळ अधिक लागतो, तर काढता-घालता येणारा दात सर्वांत स्वस्त. शेजारचे दात निरोगी असतील तर ब्रिजची स्वस्ताई पुन्हा तपासून पाहावी.

एका हिशेबाचे उदाहरण

दर दवाखान्यागणिक बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ हिशेब समजावा यासाठी मानलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्याला सांगितलेले आकडे घालावेत.

समजा, २५ वर्षांच्या तरुणीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. तिला आठ दातांवर व्हेनिअर सुचवले. एकाचे १२,००० रुपये धरले तर ९६,००० रुपये होतात. व्हेनिअर चांगले बसवले तर दहा ते पंधरा वर्षे टिकावे अशी साधारण अपेक्षा असते. पंधरा वर्षे धरली तर वयाच्या ४०व्या आणि ५५व्या वर्षी ते बदलावे लागेल. सत्तरीपर्यंत तीन वेळचा खर्च २,८८,००० रुपये झाला, तोही भाव वाढणार नाहीत असे मानून.

आता तीच फट दोनच दातांवर कॉम्पोझिट लावून भरली. एका दाताचे ३,००० रुपये धरले तर पहिला खर्च ६,००० रुपये. ते दर पाच वर्षांनी नव्याने करावे लागले असे धरले तर ४५ वर्षांत नऊ वेळा, म्हणजे ५४,००० रुपये.

यावरून कॉम्पोझिट स्वस्त आणि व्हेनिअर महाग, एवढाच निष्कर्ष काढू नये. त्याच दोन दातांवर व्हेनिअर लावले असते तर एका वेळचे २४,००० आणि तीन वेळचे ७२,००० रुपये झाले असते. म्हणजे सारख्याच दोन दातांचा विचार केला तर आयुष्यभराच्या खर्चात फरक १८,००० रुपयांचा. तो फार मोठा नाही, आणि कॉम्पोझिटसाठी दवाखान्यात नऊ वेळा जावे लागेल हेही खरे. मोठा फरक पडला तो दोनाचे आठ झाल्यामुळे. दुसरा फरक पैशात येत नाही. कॉम्पोझिट काढले तर खाली दात जवळपास पूर्ववत असतो. व्हेनिअर काढले तर खाली घासलेला दात असतो आणि त्यास काहीतरी झाकण आयुष्यभर लागतेच. म्हणून अंदाजपत्रक हाती आल्यावर पहिला प्रश्न दराचा न विचारता दातांच्या संख्येचा विचारावा. "हे आठ का? दोन करून थांबता येईल का?"

बिलात न दिसणारा खर्च

बाहेर सांगितला जाणारा आकडा पुष्कळदा प्रतिदात असतो. त्यात तपासणी, एक्स-रे, आधीची किडीची कामे, रूट कॅनाल, तात्पुरती कॅप, पुढील तपासण्या यांपैकी काय समाविष्ट आहे ते लेखी घ्यावे. कापलेल्या दातांपैकी काहींना पुढे रूट कॅनाल लागू शकते. तसे झाल्यास खर्च कोणाचा, हेही विचारावे.

झिर्कोनिया कॅपबरोबर दहा किंवा पंधरा वर्षांचे हमीपत्र मिळते. ते जपून ठेवावे, मात्र त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. हमी त्या पदार्थाची असते. खालचा दात किडला, हिरडी मागे सरली, तर हमीपत्राचा उपयोग होत नाही.

नेहमीच्या आरोग्यविम्यात केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद असतो. २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातही आरोग्यसेवेला सूट आहे, पण सौंदर्यशस्त्रक्रिया त्या सुटीतून वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतील व्यंग, इजा वा अपघात यांमुळे बिघडलेले पूर्ववत करण्यासाठी ती असेल तर सूट मिळते. म्हणून "या रकमेवर कर वेगळा लागेल का?" हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे.

हप्त्यांच्या सोयीबद्दलही दोन शब्द. हप्ता हा बहुतेकदा वित्तसंस्थेशी केलेला कर्जव्यवहार असतो. उपचार अर्धवट राहिला तरी कर्ज राहते. अमेरिकेतील 'स्माइल डायरेक्ट क्लब' ही घरपोच अलायनर देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. हजारो लोकांचे उपचार मध्येच थांबले, कंपनीने दिलेली आजन्म हमी निरर्थक ठरली आणि हप्ते चालू असलेल्यांना ते भरत राहण्यास सांगण्यात आले. दूरदेशीची गोष्ट असली तरी धडा आपल्यालाही लागू आहे. काम जसजसे पूर्ण होईल तसतसे पैसे द्यावेत. पूर्ण रक्कम आगाऊ भरून मिळणारी सवलत सहसा घेऊ नये.

दंतवैद्य कसा निवडावा

भारतात पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला आणि त्यानुसार प्रत्येक राज्यात नोंदवही ठेवली जाऊ लागली. या व्यवस्थेची फेररचना करणारा राष्ट्रीय दंतवैद्यक आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला. रुग्णाच्या दृष्टीने मूळ गोष्ट तीच आहे. ज्याच्या हाती आपण तोंड देतो त्याचे नाव राज्याच्या नोंदवहीत असले पाहिजे. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. सौंदर्यप्रसाधनगृहात किंवा मॉलमधील टेबलावर दात पांढरे करून घेणे सर्वथा टाळावे.

बी.डी.एस. ही मूळ पदवी आणि एम.डी.एस. ही पदव्युत्तर पदवी. दात सरळ करण्याचे, कृत्रिम दात व कॅपचे, फिलिंग व रूट कॅनालचे, हिरड्यांचे असे एम.डी.एस.चे निरनिराळे विषय आहेत. 'कॉस्मेटिक दंतवैद्यक' या नावाची पदव्युत्तर शाखा आपल्याकडे त्यांत नाही. पाटीवर ते शब्द असणे हे कौशल्याचे प्रमाण नव्हे, तसेच ते नसणे ही उणीव नव्हे. अनुभवी बी.डी.एस. डॉक्टर कॉम्पोझिटचे काम सुरेख करतात. गुंतागुंतीच्या कामासाठी त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे आहे का, हे पाहावे.

आम्ही आमच्या रुग्णांना पुढील गोष्टी पाहण्यास व विचारण्यास सांगतो.

१. पहिल्या भेटीत पूर्ण तोंड, हिरड्या आणि जुनी कामे तपासली का? कॅप किंवा व्हेनिअर सुचवण्याआधी एक्स-रे काढला का?

२. किमान दोन पर्याय सांगितले का, आणि "काहीच केले नाही तर काय होईल?" याचे सरळ उत्तर मिळाले का?

३. दात कापण्याआधी तात्पुरते साहित्य लावून होणारा आकार तोंडात दाखवतील का? यास मॉक-अप म्हणतात. तो पाहून घरच्यांशी बोलण्यास वेळ द्यावा, अशी विनंती करावी.

४. आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांतील काम त्यांचे स्वतःचे आहे का? पाच वर्षांपूर्वी केलेले एखादे काम आज कसे दिसते, ते दाखवता येईल का?

५. हत्यारे ऑटोक्लेव्हमधून काढलेली असून त्यांची पाकिटे आपल्या समोर उघडली जातात का?

६. अंदाजपत्रकात दातांची संख्या, साहित्याचे नाव, भेटींची संख्या आणि वर्षभरात काही निघाले-तुटले तर काय, हे लिहून दिले का?

७. "आजच ठरवा, सवलत आजपुरतीच आहे" असे म्हटले गेले का? म्हटले गेले असेल तर नमस्कार करून घरी यावे. कोणताही सौंदर्योपचार एका दिवसात ठरवावा इतका निकडीचा नसतो.

दुसरे मत घेण्यासाठी मुंबईकरांना दूर जावे लागत नाही. मुंबई सेंट्रल येथील महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय येथे माफक शुल्कात तपासणी व उपचार होतात. तेथे विद्यार्थी काम करतात, पण अध्यापकांच्या देखरेखीखाली. रांग असते, फेऱ्या अधिक पडतात. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पैसा बेताचा आहे, त्यांच्यासाठी हा सौदा चांगला आहे.

काम मनासारखे झाले नाही तर आधी त्याच डॉक्टरांशी बोलावे. बहुतेक प्रश्न तेथेच सुटतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला आणि आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावत्या, एक्स-रे आणि लेखी अंदाजपत्रक जपून ठेवलेले असावे.

मुहूर्त, सुट्टी आणि घाई

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि दिवाळीच्या सुमारास दंतवैद्यांकडे वधूवरांची गर्दी होते. वाकड्या दातांना सरळ होण्यास दीड वर्ष लागते, लग्नाला दोन महिने उरलेले असतात. मग निरोगी दात कापून त्यांवर कॅप चढवण्याचा मोह होतो. लग्नाची छायाचित्रे एका दिवसाची, दात पुढील पन्नास वर्षांचे. या वेळी स्केलिंग, पाहिजे तर ब्लीचिंग आणि एखाद्या कोपऱ्याला कॉम्पोझिट एवढ्यावर भागवावे. तारा लग्नानंतरही लावता येतात. ब्लीचिंगनंतर कॉम्पोझिट करण्यापूर्वी साधारण दोन आठवडे थांबावे लागते, एवढे मात्र लक्षात ठेवून आखणी करावी.

परदेशी राहणारी आपली मुलेबाळे सुट्टीत घरी येतात आणि तिकडच्या मानाने येथे खर्च कमी म्हणून तीन आठवड्यांत दातांची मोठी कामे उरकू पाहतात. हेतू गैर नाही. पण कॅप बसवल्यावर चावा जुळवण्यासाठी, हिरडी स्थिरावली का हे पाहण्यासाठी पुन्हा यावे लागते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी शेवटची भेट ठेवू नये. कोणते साहित्य, कोणत्या कंपनीचे इम्प्लांट, त्याचे माप काय, हे कागद बरोबर न्यावेत, म्हणजे तेथील डॉक्टरांना पुढे काम करता येते.

मैदानावर तुटलेला दात

शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुले तेथे क्रिकेट खेळत आली आहेत. चेंडू तोंडावर लागून पुढचा दात तुटणे ही येथील कुटुंबांना अपरिचित गोष्ट नाही. अशा वेळी पहिल्या तासात काय केले यावर पुढील तीस वर्षांचा खर्च अवलंबून असतो, म्हणून हे प्रत्येक पालकाने व प्रशिक्षकाने जाणून घ्यावे.

दाताचा तुकडा तुटला असेल तर तो शोधून पाण्यात किंवा दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो. पक्का दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो वरच्या, म्हणजे चावण्याच्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास क्षणभर दुधाने वा स्वच्छ पाण्याने धुऊन शक्य तर जागेवर परत बसवावा. ते जमत नसेल तर दुधात ठेवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. वाढत्या वयाच्या मुलाला इम्प्लांट बसवता येत नाही, त्याला जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. म्हणून मूळ दात वाचवणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर उपचार होय. दातांच्या मापाचे रक्षक कवच घालून खेळण्याची सवय लावली तर हा प्रसंगच पुष्कळदा टळतो.

देणगीचा पैसा आणि दाताचे सौंदर्य

आमच्या देणगीदारांच्या मनात येणारा एक प्रश्न रास्त आहे. गरिबांच्या औषधोपचारासाठी दिलेला पैसा कुणाच्या हसण्यासाठी खर्च करावा का?

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ सालची योजना बंधनकारक आहे. त्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखायच्या असतात आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. हे झाले कायद्याचे प्रमाण. एखाद्या मुलीच्या काळवंडलेल्या दाताचे काय, हे कायदा सांगत नाही. ते आपणच ठरवायचे असते.

वर सांगितल्याप्रमाणे विमा आणि कर या दोन्ही ठिकाणी सौंदर्य आणि पुनर्रचना यांत एक रेघ ओढलेली आहे. आम्हीही तीच रेघ योग्य मानतो. दुभंगलेला ओठ-टाळू घेऊन जन्मलेले मूल, पडून दात तुटलेली शाळकरी मुलगी, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर दात गमावलेला कामगार, यांचे दात नीट करणे हा उपचारच आहे. तोंडावर हात ठेवून बोलणारी मुलगी वर्गात उत्तर देत नाही आणि पुढे मुलाखतीस जाण्यास कचरते. तिच्या एका दातावरील कॉम्पोझिट ही चैन नव्हे. निरोगी दातांची छटा आणखी दोन पायऱ्या उजळ करणे ही मात्र ज्याची त्याने आपल्या खिशातून भागवावी अशी हौस आहे. हौस असण्यात काहीच वावगे नाही, फक्त तिचा भार निर्धन रुग्ण निधीवर पडू नये.

या दोहोंच्या मध्ये काही अवघड उदाहरणे येतातच. फ्लोराइडमुळे डागाळलेले दात हा ज्याने ते पाणी प्यायले त्याचा दोष नव्हे. नोकरीसाठी दात सरळ हवेत असे म्हणणाऱ्या तरुणाची निकड खोटी नसते. अशा वेळी ज्या पायरीवर दाताचे कमीत कमी जाते आणि पैशांतही कमीत कमी लागते, त्या पायरीपर्यंत साहाय्य करावे आणि त्यापुढील निर्णय कुटुंबावर सोडावा, असे आमचे मत आहे. विश्वस्त मंडळाने व देणगीदारांनी यावर आपले विचार आम्हांस अवश्य कळवावेत.

रुग्णांच्या आप्तांना शेवटी एवढीच विनंती की, अंदाजपत्रक हाती आल्यावर ते घरी आणावे, किती दात, किती घासणार आणि किती वेळा, हे तीन प्रश्न त्यावर पेन्सिलीने लिहावेत आणि उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये. त्यासाठी कोणाला वडीलधाऱ्याचा सल्ला हवा असेल तर आमच्या दंतविभागाचे दार उघडे आहे. अंदाजपत्रक कुठल्याही दवाखान्याचे असो, ते आम्ही आनंदाने वाचून समजावून देऊ.

सर्वांना निरोगी दात आणि निर्भर हसू लाभो, ही सदिच्छा.